कुठल्या तारखेचा ट्रॅक्टर?

जुना ट्रॅक्टर रिस्टोअर करायला घेतला की लोक पहिला प्रश्न रंगाचा विचारतात, नेमका कुठला लाल मारायचा, कुठला हिरवा, शेड कशी जुळवायची वगैरे. माझं म्हणणं असं की रंगाचा डबा उघडायच्या खूप आधी एक गोष्ट ठरवायला लागते आणि ती ठरवली नाही तर पुढचं सगळं काम भोंगळ होतं. ती गोष्ट म्हणजे तारीख. हा ट्रॅक्टर तुम्हाला कुठल्या दिवशी होता तसा उभा करायचाय? फॅक्टरीच्या दारातून बाहेर पडला त्या दिवशीचा, की वीस वर्षं शेतात राबल्यानंतरचा? दोन्ही चालतं, दोन्ही खरं आहे, पण एक काहीतरी पक्कं करा आणि मग हातातला प्रत्येक पार्ट त्या तारखेसमोर धरून बघा. "हा पार्ट ओरिजिनल आहे का" याचं उत्तर त्याशिवाय देताच येत नाही.

मॉडेलचं नाव कळलं म्हणजे झालं असं वाटतं आधी. तसं नसतं. फोर्डचं ९एन घ्या. इंजिनिअर हॅरी फर्ग्युसन आणि मोटारवाले हेन्री फोर्ड यांचा १९३८ मध्ये नुसत्या शब्दावर, हातात हात देऊन करार झाला आणि १९३९ च्या जूनमध्ये हा ट्रॅक्टर बाजारात आला. घाई इतकी होती की बॉनेटचे पत्रे दाबायचे डाय, म्हणजे साचे, वेळेत तयार नव्हते, म्हणून पहिल्या साधारण ७०० ट्रॅक्टरना चक्क ओतीव अ‍ॅल्युमिनियमचं बॉनेट बसवलं. पुढची जाळी पण सुरुवातीला अ‍ॅल्युमिनियमची आणि आडव्या पट्ट्यांची, नंतर ती पोलादी आणि उभ्या पट्ट्यांची झाली. मग १९४२ मध्ये युद्धामुळे रबर आणि तांबं मिळेना, तेव्हा २एन आलं, त्यातले काही लोखंडी चाकांवर, बॅटरी नाही, स्टार्टर नाही, मॅग्नेटोवर, म्हणजे बॅटरीशिवाय ठिणगी देणाऱ्या यंत्रावर, चालणारे, हँडल मारून सुरू करायचे. आणि गंमत म्हणजे २एन च्या इंजिनवरचा सिरियल नंबर तरीही ९एन नेच सुरू होतो, त्यामुळे नंबर बघून "हे तर ९एन आहे" म्हणणारे भेटतातच. १९४७ मध्ये ८एन आलं तेव्हा तीनऐवजी चार गिअर आले, दोन्ही ब्रेकचे पेडल उजव्या बाजूला गेले, आणि रंगसुद्धा बदलला, बॉनेट-मडगार्ड फिकट करडे आणि खालचं बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, अंग लाल.

आता हे लाल-करडं रूप लोकांना एवढं आवडलं की पुढच्या काळात कितीतरी ९एन आणि २एन पण तसेच रंगवले गेले. खरं तर ते दोन्ही अंगभर गडद करडे असायचे. मला तो एकरंगी करडा ट्रॅक्टर फार देखणा वाटतो, कुठलाही नखरा नाही. पण लाल पोट असलेला ९एन इतक्या वेळा बघायला मिळतो की बघणाऱ्याला तोच बरोबर वाटायला लागतो आणि करडा बघून लोक विचारतात, रंग अर्धवट राहिलाय का.

८एन मध्येसुद्धा एकच एक ८एन नाही. सुरुवातीला डिस्ट्रिब्युटर, म्हणजे सिलिंडरांना ठिणगीची वीज वाटून देणारा पार्ट, इंजिनच्या पुढच्या तोंडावर, पंख्याच्या मागे दडलेला, पॉइंट साफ करायचे म्हणजे हात घालायला जागा नाही. १९५० मध्ये २६३८४४ या सिरियल नंबरपासून तो बाजूला आला. म्हणजे या आकड्याच्या आधीचा ट्रॅक्टर असेल तर बाजूच्या डिस्ट्रिब्युटरचं इंजिन त्याचं जन्माचं नाही, मग ते कितीही अस्सल फोर्डचं असो. जुन्या ट्रॅक्टरच्या दुनियेत अशा आकड्यांना फार किंमत आहे, कारण कंपन्या वर्ष संपायची वाट बघत नव्हत्या. सुधारणा तयार झाली की लाइनवर चढवायची, मधल्या कुठल्याही दिवशी. त्यामुळे "१९५० चं मॉडेल" एवढ्यावर काहीच ठरत नाही, सिरियल नंबर हवाच.

आता पार्ट नंबर. इथे फार लोक फसतात. फोर्डची पद्धत अशी होती की आधी मॉडेलचं अक्षर-आकडा, मग मधला मूळ नंबर, मग लागल्यास शेवटी सुधारणेचं अक्षर. मधला नंबर म्हणजे पार्ट कशाचा आहे ते, ६०१५ म्हणजे इंजिन ब्लॉक, १२१२७ म्हणजे डिस्ट्रिब्युटर, असं. आणि पुढचं ९एन किंवा ८एन म्हणजे तो पार्ट पहिल्यांदा कुठल्या मॉडेलसाठी कागदावर काढला ते. पार्ट कधी बनला ते नाही! ८एन वर ९एन ने सुरू होणारे कितीतरी पार्ट अगदी बरोबर असतात, कारण ते बदलायची गरजच पडली नाही, तेच पुढे चालू राहिले. जॉन डिअरचं पण तेच, बिडाच्या पार्टवर पुढे ए, बी, डी असं अक्षर आणि मागे आर असलेला नंबर दिसतो, आणि बी मॉडेलवर ए ने सुरू होणारा पार्ट दिसला म्हणून तो दुसऱ्या ट्रॅक्टरचा काढून लावलाय असं लगेच म्हणायचं नाही. नंबर डिझाइनचा जन्म सांगतो, वस्तूचा नाही. हे एवढं डोक्यात बसलं की निम्मे वाद मिटतात.

वस्तूचा जन्म सांगणारी खूण वेगळी असते, ती म्हणजे ओतकामाची तारीख. बीड ओतताना साच्यातच लहान आकडे-अक्षरं बसवलेली असायची आणि ती पार्टवर उठून यायची. इंटरनॅशनल हार्वेस्टर या अमेरिकन कंपनीच्या पार्टवर महिना, दिवस आणि वर्षासाठी एक अक्षर अशी मांडणी असते. पण ती दिसली तर ना! ऐंशी-नव्वद वर्षांचं ग्रीस, माती आणि रंगाचे थर एकजीव होऊन डांबरासारखे घट्ट झालेले असतात. वायर ब्रश किंवा ग्राइंडर लावू नका तिथे, हात जोडून सांगतो, आकड्याचे कोपरे एकदा झिजले की गेले. लाकडाची चपटी काडी घ्यायची, रॉकेलमध्ये फडकं भिजवून त्या जागेवर तासभर ठेवून द्यायचं, मग काडीने हलकं हलकं काढायचं. सुकलं की त्यावर खडू आडवा घासायचा, आणि टॉर्च समोरून न मारता अगदी पृष्ठभागाला चिकटवून, बाजूने मारायचा. सावल्या लांबतात आणि जिथे नुसता खडबडीतपणा दिसत होता तिथे एक ५ उभा राहतो, शेजारी एक रेघ, मग एक अक्षर. त्यावर पातळ कागद ठेवून पेन्सिल घासली की ठसा पण मिळतो, तो जपून ठेवायचा. मला हे काम इंजिन पहिल्यांदा सुरू होण्याइतकंच आवडतं, कदाचित जास्तच.

तारीख मिळाली की तर्क सोपा आहे. ब्लॉक आधी ओतला जाणार, मग तो मशीनवर जाणार, मग जोडणी, मग ट्रॅक्टर बाहेर. म्हणजे ओतकामाची तारीख ट्रॅक्टरच्या तारखेच्या थोडी आधीचीच पाहिजे, काही आठवडे, काही महिने. ट्रॅक्टरनंतरची तारीख असेल तर तो पार्ट नंतर बसवलाय, यात वाद नाही. आणि फार आधीची असेल, दोनचार वर्षं, तर मात्र शंका घ्यायची, बहुतेक दुसऱ्या जुन्या ट्रॅक्टरमधून आलाय.

डेल्को-रेमी या कंपनीचे जनरेटर आणि स्टार्टर असतात त्यांच्या पट्टीवर पण तारीख असते, आधी वर्षाचा शेवटचा आकडा, मग महिन्याचं अक्षर, मग दिवस. ८सी१४ म्हणजे ८ ने संपणाऱ्या वर्षातला मार्च महिना, १४ तारीख. महिन्यांमध्ये आय हे अक्षर सोडून दिलंय कारण ते १ सारखं दिसतं, त्यामुळे सप्टेंबरला जे (J) हे अक्षर येतं. पण आठ म्हणजे १९३८ का १९४८ का १९५८? ते तो आकडा सांगत नाही. तिथे शेजारचा मॉडेल नंबर बघावा लागतो, तो कुठल्या काळात वापरात होता ते पार्ट बुकमध्ये शोधावं लागतं. एकटी खूण कधीच पुरत नाही, दोन खुणा एकमेकींना दुजोरा देतील तेव्हा विश्वास ठेवायचा.

पार्ट बुकबद्दल पण सांगायला पाहिजे कारण त्यावर लोकांचा आंधळा विश्वास असतो. कंपनीचं पुस्तक म्हटल्यावर ते चूक कसं असेल? चूक नसतं, पण ते दुकानदारासाठी लिहिलेलं असतं, त्याला आज कुठला पार्ट ग्राहकाला द्यायचा एवढंच हवं असतं. म्हणून नंतरच्या आवृत्त्यांमध्ये जुना नंबर गायब होतो आणि त्याच्या जागी नवा येतो, जो बसतो, चालतो, पण दिसायला वेगळा असतो. १९३६ च्या ट्रॅक्टरसाठी १९५५ चं पार्ट बुक वाचलं तर तुम्ही अगदी पुस्तकाप्रमाणे १९५५ चा कार्ब्युरेटर लावाल. तेव्हा ट्रॅक्टरच्या तारखेच्या जवळातली जवळ आवृत्ती शोधायची, आणि "या सिरियलपर्यंत", "या सिरियलपासून" असे बारीक अक्षरातले शेरे वाचायचे, खरा माल तिथेच असतो.

दुसरा एक खजिना म्हणजे नेब्रास्काचे टेस्ट रिपोर्ट. अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्याने १९१९ मध्ये कायदा केला की तिथे विकायच्या ट्रॅक्टर मॉडेलची आधी चाचणी झाली पाहिजे, आणि १९२० मध्ये वॉटरलू बॉय मॉडेल एन ची पहिली चाचणी पार पडली. लोक हे रिपोर्ट हॉर्सपॉवर बघायला उघडतात. मी ते मॅग्नेटो कुठल्या मेकचा, कार्ब्युरेटर कुठला आणि किती साइजचा, एअर क्लीनर कुठला, हे बघायला उघडतो. कारण चाचणी घेणाऱ्यांनी समोरच्या ट्रॅक्टरवर जे होतं ते नोंदवलंय, जाहिरातीत काय लिहिलंय ते नाही. अर्थात तो पण एकाच तारखेचा एकच ट्रॅक्टर, हे विसरायचं नाही.

जाहिरातीच्या फोटोंवर माझा फारसा भरवसा नाही. बऱ्याचदा फोटो काढलेला ट्रॅक्टर उत्पादन सुरू व्हायच्या आधीचा नमुना असतो, त्यावर ब्रशने हात फिरवलेला असतो, नको ते पुसलेलं. त्यापेक्षा शेतात धुळीने माखलेल्या ट्रॅक्टरचा तारीख असलेला फोटो लाखमोलाचा. १९३५ ते १९४४ या काळात अमेरिकन सरकारच्या फार्म सिक्युरिटी अ‍ॅडमिनिस्ट्रेशन आणि नंतर युद्धमाहिती खात्यासाठी फोटोग्राफर गावोगाव फिरले, ते फोटो लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत, बहुतेकांना ठिकाण आणि महिना लिहिलेला. फोटोग्राफरचं लक्ष माणसांवर होतं, पण मागे उभ्या ट्रॅक्टरचं सायलेन्सर, चाकाचे आरे, सीटची पट्टी, टूलबॉक्स कुठे आहे, सगळं स्वच्छ दिसतं. बहुतेक फोटो ब्लॅक अँड व्हाइट असल्याने रंग मात्र कळत नाही.

रंगाचं उत्तर ट्रॅक्टरकडेच मागायचं. इंटरनॅशनल हार्वेस्टरने १९३६ च्या शेवटी करडा सोडून लाल घेतला, त्यामुळे त्यांचा एफ-२० ट्रॅक्टर करडा पण बरोबर आणि लाल पण बरोबर, तुमचा नंबर कुठे पडतो त्यावर. फोर्डचाच जुना फोर्डसन तर आधी करडा, मग निळा, १९३७ मध्ये नारिंगी आणि १९४० मध्ये हिरवा, हवाई हल्ल्यात शेतात उठून दिसू नये म्हणून हिरवा केला असं सांगतात. अ‍ॅलिस-चामर्स कंपनीचा तो प्रसिद्ध नारिंगी १९२९ चा, त्याआधीचे हिरवे. आता ट्रॅक्टरवर यातला कुठला होता ते बघायला उघड्यावरची जागा घेऊ नका, उन्हाने तिथला रंग बदललेला असतो. टाकीच्या पट्ट्याखाली बघा, मॅग्नेटोच्या ब्रॅकेटमागे बघा. बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून एका जागी गोल घासत राहिलं की एकेक थर कड्यांसारखा उघडा पडतो, वरचा, त्याखालचा, मग प्रायमर, मग लोखंड. पेपर ओलाच ठेवायचा आणि तोंडाला मास्क लावायचा, जुन्या रंगात शिसं असतं. अजून एक बारकी खूण आहे. बऱ्याच फॅक्टऱ्यांत ट्रॅक्टर पूर्ण जोडून झाल्यावर वरचा रंग फवारायचे, म्हणजे वॉशरच्या खाली, दोन पार्ट जिथे एकमेकांना टेकतात तिथे, तो वरचा रंग पोचलेलाच नसतो. तिथे जर छान चकचकीत लाल सापडला तर तो जोड आधी कुणीतरी खोललेला आहे. त्याच कारणाने आज प्रत्येक पार्ट सुटा करून आरशासारखा रंगवणं मला पटत नाही. दिसायला सुंदर, पण फॅक्टरीतून तसा एकही निघाला नव्हता.

नट-बोल्टकडे कुणी बघत नाही आणि चुगली तेच करतात. बोल्टच्या डोक्यावर तीन रेघा किंवा सहा रेघा उठलेल्या दिसल्या तर ती मजबुतीची प्रमाणित खूण, १९२० च्या ट्रॅक्टरवर ती असायचं कारणच नाही. चौकटी डोक्याचे बोल्ट, साधे नट, खालून कॉटर पिन, हे त्या काळचं. अधिकच्या खाचेचा फिलिप्स स्क्रू १९३६ मध्ये कुठे मोटारीत यायला लागला, तो १९२८ च्या ट्रॅक्टरच्या डॅशवर दिसला की समजायचं. आत नायलॉनचं कडं असलेला नट तर लांबूनच ओळखू येतो. ग्रीस निपल पण तसेच, आज सगळीकडे जो गोल टोकाचा झर्क निपल असतो त्याचं पेटंट १९२९ चं, त्याआधी फिरवून दाबायचे ग्रीस कप आणि आडवी पिन असलेले निपल होते. वायर बघा, प्लास्टिकची गुळगुळीत का कापडी वेणीची? हे सगळं स्वस्तातलं, हातात मावणारं काम आहे, आणि तरी लाखमोलाच्या इंजिनवर चकचकीत झिंकचे बोल्ट लावून लोक मोकळे होतात. मला खरंच वाईट वाटतं.

नवीन बनवलेले नकली पार्ट ओळखायची माझी आवडती रीत म्हणजे मोजपट्टी. बीड थंड होताना आकसतं, साधारण एक टक्का, म्हणजे फुटाला एक अष्टमांश इंच. साचा करणारे कारागीर ते धरून मूळ नमुना तेवढा मोठा करायचे, त्यासाठी त्यांची मोजपट्टीच वेगळी असायची. आता कुणी तयार जुना पार्टच नमुना म्हणून वाळूत दाबला आणि नवा ओतला तर तो पुन्हा आकसणार, फुटभर लांबीला अष्टमांश इंच कमी भरणार. अक्षरंही बोथट येतात, जणू कुणी अंगठ्याने दाबलीत. भोकं मशीनवर पाडलेली म्हणून बरोबर जागी असतात, पण कडेचा काठ कमी पडतो. एक अस्सल आणि एक शंकेचा शेजारी ठेवून मोजा, बोलायची गरज पडत नाही.

नकली पार्ट वाईटच असतात असं मात्र मी म्हणणार नाही. मॅनिफोल्ड फुटलाय, जुना मिळत नाही, तर नवा ओतलेला लावावाच, ट्रॅक्टर चालला पाहिजे. फक्त आतल्या बाजूला, दिसणार नाही अशा जागी, वर्ष ठोकून ठेवावं. नाहीतर पन्नास वर्षांनी गंज चढला की अस्सल-नकली कुणालाच सांगता येणार नाही.

आणि आता तो प्रश्न ज्यावर माझं मत बऱ्याच जणांना पटत नाही. १९३२ मध्ये अ‍ॅलिस-चामर्सच्या मॉडेल यू वर हवेचे रबरी टायर आले आणि पुढच्या काही वर्षांत शेतकऱ्यांना त्याचा फायदा कळला, रॉकेल-पेट्रोल कमी लागतं, हाडं खिळखिळी होत नाहीत, रस्त्यावरून नेता येतो. पण नवीन चाकं घ्यायची ऐपत कितींची? मग लोखंडी चाकाचे आरे ठरावीक लांबीवर कापायचे आणि त्यावर टायरची रिम वेल्ड करायची, असे कितीतरी ट्रॅक्टर झाले. आता १९२९ चा जॉन डिअर डी अशा कापलेल्या चाकांवर हातात आला तर काय करायचं? बहुतेक जण म्हणतात, लोखंडी चाकं शोधा, ही फेका. मी म्हणतो थांबा. वेल्ड बघा, रिम बघा, टायरची नक्षी जुनी आहे का बघा. ते काम जर १९३७ च्या आसपासचं असेल तर ते त्या काळचंच आहे, कुणीतरी विचार करून, पैसे मोजून केलेलं. तेव्हा ट्रॅक्टर १९३७ च्या तारखेला उभा करा की! मग त्यावर १९२९ चा ब्लॉक बरोबर, त्याच काळातला बदललेला मॅग्नेटोही बरोबर, आणि १९५० मधली हेडलाइट तेवढी चूक. निवडलेल्या तारखेच्या आधीचं काहीही असू शकतं, फक्त ते तिथे का आलं ते सांगता आलं पाहिजे, आणि नंतरचं काही नको.

एकच गोष्ट मी ठामपणे नाकारतो, ती म्हणजे लोखंडी चाकं १९२९ ची, कार्ब्युरेटर १९५२ चा, स्टिकर आणखी कुठल्या मॉडेलचे, आणि वर पाटी "फॅक्टरी कंडिशन". असा ट्रॅक्टर कुठल्याच दिवशी अस्तित्वात नव्हता, आणि त्याच्याकडे बघून शिकणारा पुढचा माणूस तेच खरं धरून चालतो.

म्हणून काढलेला पार्ट टाकू नका, फुटका असला तरी. त्याला तारेने पत्र्याची पट्टी बांधा, कुठून काढला आणि का काढला ते लिहा. एक वही करा, त्यात सिरियल नंबर, प्रत्येक मोठ्या पार्टचा नंबर, ओतकामाची तारीख, पेन्सिलने घेतलेले ठसे, रंगाच्या थरांचे फोटो, काय अस्सल, काय बदललं, काय नवीन बनवून घेतलं, आणि कुठे नुसता अंदाज केला तेही. ट्रॅक्टर विकला तर वही आणि ते जुने पार्ट त्याच्याबरोबर द्या.